हौसाबाईंच्या स्वारीसाठी गाडीचे पोलादी हात लांबविले त्याची हकिकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. ज्याच्या एका ठिणगीने दोन लोखंडे एक होतात आणि दुसऱ्या ठिणगीने माणसाचा डोळा जातो, त्या देवास आधी दंडवत घालून आणि डोळ्यांपुढे काळी काच धरून ही हकिकत लिहिली आहे. शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास, शुद्ध पक्ष. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या हकिकतीत रागावले ऐसे फारसे कोणी नाही. एकवार इनूस फिटर रागावले, तेही दुपारचे जेवण लांबले म्हणून. मुलखाचे नाव विचारू नये, आम्ही सांगणार नाही. घाटाच्या पायथ्याशी, हमरस्त्यास लागून, उसाच्या ट्रॉल्या जेथे वळण घेतात तेथे पत्र्याचे एक छप्पर होते आणि तेच राज्य होते. मधोमध खंदक होता, म्हणजे पुरुषभर खोल खड्डा, त्यात उतरून वर उभ्या गाडीचे पोट पाहावे; आणि शस्त्रागारात वेल्डिंगची दोन यंत्रे, एक भाता, पाने, हातोडे आणि बापजाद्यांची ऐरण होती. या राज्याचे धनी राजश्री भैरू मिस्त्री, जातीचे लोहार, उमर बासष्ट, सदऱ्याच्या उजव्या बाहीस ठिणग्यांनी पाडलेली शंभर भोके आणि कानावर खडूचा तुकडा. कारभारी म्हणाल तर इनूस फिटर, गाडीचे चाक-जोड उघडणे आणि मिटणे हे त्यांचे काम, बोलणे फटकळ आणि पोटात काही ठेवणार नाहीत. आणि राणी म्हणाल तर सौभाग्यवती हौसाबाई, भैरू मिस्त्रींची बायको, जिच्यासाठी हा सारा खटाटोप जाहला.

भैरू मिस्त्रींची कीर्ती पाच कोसांत होती आणि ती जोडण्याबद्दल जेवढी होती तेवढीच न जोडण्याबद्दल होती. लोखंडास जात असते, ऐसे ते म्हणत. कोणते पोलाद आग सोसते, कोणते आगीत हट्टी होते, कोणते वरून हसते आणि आतून तडकते, हे त्यांस घासतानाच्या ठिणगीवरून कळे. एकदा एक तालेवार तरुण नवी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवा, नाहीतर तुकडा जोडून उचला, कसंबी करा, पण रुबाब आला पायजे." मिस्त्रींनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. म्हणाले, "स्प्रिंग म्हंजे गाडीचा गुडघा. मोडला तर बदलावा. त्याला वेल्डिंगची कांडी लावली की त्याची ताकद गेली, आणि एक दिवस भर रस्त्यात खाली बसतोय. माझ्या छपरात हे व्हायचं न्हाई." तो तरुण रागाने गेला आणि मिस्त्री चहा प्यायले. आणखी एक रीत त्या राज्यात होती ती ध्यानात ठेवावी, कारण पुढे सारा घोळ तिनेच केला. काम पुरे होऊन गाडी छपराबाहेर निघायची वेळ झाली की हौसाबाईंनी यावे, नव्या जोडास हळदकुंकू लावावे, नारळ फोडावा आणि त्याचे पाणी जोडावर ओतावे. यास ते 'जोडाला पाणी दाखवणे' म्हणत. पस्तीस वर्षांत त्या नारळाशिवाय एक गाडी बाहेर पडली नाही, आणि लोक म्हणत की मिस्त्रींचा हात आणि वहिनींचा नारळ, मग घाट काय आणि डोंगर काय.

आता हौसाबाईंचे दुःख सांगतो. त्यांची थोरली बहीण केराबाई घाटावरच्या एका वाडीत राहत होत्या. आई लवकर गेली तेव्हा हौसा दोन वर्षांची होती आणि केरा बाराची, आणि मग केरानेच तिला कडेवर वाढवली, तिची वेणी घातली, तिचे लग्न लावले आणि तिला निरोप देताना स्वतः भिंतीआड जाऊन रडली. म्हणून हौसाबाईंचे माहेर म्हणजे केराआक्का, दुसरे माहेर त्यांस ठाऊक नव्हते. परंतु हौसाबाईंचे दोन्ही गुडघे झिजले आणि तीन वर्षे भेट नाही. वाडीस एसटी जात नाही, वडापची, म्हणजे माणसे कोंबून नेणारी खासगी जीप जाते, आणि त्या जीपची पायरी मांडीएवढी उंच. दोन वर्षांमागे हौसाबाई तीत चढावयास गेल्या आणि मागल्या मागे आपटल्या, वीस माणसांदेखत, आणि कोणी हसले नाही तरी त्यांस वाटले की सगळे हसले, म्हणून त्यांनी जीपचे नाव टाकले. घरची पांढरी छोटी गाडी होती, तीत बसणे सोपे, पण वाडीच्या वाटेवर तीन दगडी म्हणून चढण आहे, तेथे तिचे पोट दगडाला घासे. गेल्या वर्षी निघाले ते अर्ध्या वाटेवर तेलाचे भांडे फुटले आणि ट्रॅक्टरला बांधून परत यावे लागले. उंच गाडीत हौसाबाई चढत नाहीत आणि बुटकी गाडी डोंगर चढत नाही, ऐसा पेच पडला होता, आणि फोनवर दोघी बहिणी बोलत आणि फोन ठेवला की हौसाबाई तो पदराने पुसत बसत, ते मिस्त्रींस पाहवत नसे.

माघ शुद्ध तृतीयेस सकाळी केराबाईंचे चिरंजीव महिपती यांचा फोन आला. म्हणाले, "मावशी, आई माणसं विसराय लागलीया. परवा मलाच पावणं म्हणाली. तुमचं नाव मात्र घेतीया अजून. हौसा कधी येणार, हौसा कधी येणार, एवढंच चाललंय. याचं असंल तर या बघा लौकर." हौसाबाईंनी फोन ठेवला आणि परातीत कणीक मळू लागल्या, आणि मळता मळता म्हणाल्या, "मला ओळखतीया तवर गेलं पायजे. मागनं जाऊन काय करू? तिच्या दारात पावणी म्हणून बसू?" आणि डोळ्यांतले पाणी कणकेत पडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वाटेस लावल्या आणि आपल्या बायकोस बहिणीच्या दारी पोचवता येत नाही, तर ही मिस्त्रीपणाची झूल कशासाठी वागवावी, ऐसे भैरू मिस्त्रींस वाटले आणि ते तडक छपरात गेले आणि इनूस फिटर यांस बोलावून मसलतीस बसले.

मसलत ऐसी ठरली की पांढरी गाडीच उंच करावी. स्प्रिंगच्या वर जाड लोखंडी चकत्या घालाव्या म्हणजे स्प्रिंग न कापता गाडी उचलते. परंतु गाडी वर गेली की चाकांस धरून ठेवणारे खालचे दोन पोलादी हात, ज्यांस गॅरेजात आर्म म्हणतात, ते तिरपे होऊन तोकडे पडतात, आणि पुढली चाके आत ओढली जाऊन फेंगडी उभी राहतात. म्हणून दोन्ही आर्म मधे कापावे, त्याच जातीच्या पोलादाचा तुकडा घालावा आणि जोडून लांब करावे. इनूस म्हणाले, "उचलायची किती? चार बोटं?" मिस्त्री म्हणाले, "ते मी न्हाई सांगणार. ते हौसाचा गुडघा सांगंल." मग चाकांखाली फळ्या सारून गाडी चार बोटे वर केली आणि हौसाबाईंस बोलावून म्हणाले, "बस बघू." हौसाबाई बसू लागल्या आणि अर्ध्यात 'आई गं' म्हणून थांबल्या. एक फळी काढली. "आता बस." त्या बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "हे जमतंय. पण अवं, एवढा थाट माझ्या एकटीसाठी?" मिस्त्री म्हणाले, "मग काय त्या रुबाबवाल्यासाठी करू?" आणि इनूस हसले आणि हौसाबाई पदराआड हसल्या. याप्रमाणे तीन बोटांचे माप ठरले आणि मिस्त्रींनी ते खडूने पत्र्यावर लिहून ठेवले.

चतुर्थीस आर्म उतरविले, घासले, कापले, आणि भंगारबाजारातून त्याच गाडीचा एक तिसरा जुना आर्म आणून त्यातून तुकडे काढले. पंचमीस सकाळी काम मांडले. कांड्या आधी भट्टीशेजारी ठेवून कोरड्या करून घेतल्या, कारण मिस्त्री म्हणत की या जातीच्या पोलादाचा एकच वैरी, तो म्हणजे पाणी. मग गॅसच्या ज्योतीने आर्म शेकला, घाई न करता, सुकी काडी टेकवली असता करपून तपकिरी होईतो शेकला. आणि मग काच डोळ्यांवर ओढून टाका टाका करून जोडीत गेले, प्रत्येक टाक्यावरची खपली उडवीत, हातोडीने हलके ठोकीत, पुन्हा शेकीत. हात वयाप्रमाणे जरा थरथरत असे, पण काच खाली आली की थरथर थांबे, हे इनूस यांनी स्वतः पाहिले आहे. दोन्ही जोड पुरे जाहले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. अर्ध्या पिंपात गुऱ्हाळावरून आणलेली कोरडी राख आधीच तापवून ठेविली होती, तीत दोन्ही आर्म निजविले, उजवा खाली आणि डावा वर, वरून राख लोटली आणि पोते पांघरले. इनूस म्हणाले, "एवढी बडदास्त माझ्या बायकोच्या बाळंतपणात बी झाली न्हाई." मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळपत्तूर ह्याला वारं लागाय नको. गार हळूहळू झालं पायजे. घाईनं गार झालं की काचंसारखं होतंय, आणि काच कवा फुटंल सांगून फुटत न्हाई." मग इनूस रागाने पुटपुटत, उशिरा का होईना, जेवावयास गेले आणि मिस्त्रींचा खाटेवर डोळा लागला.

आता हौसाबाईंची गोष्ट. त्या दिवशी वसंत पंचमी होती. दुपारी त्यांनी पंचांग पाहिले आणि मनात विचार केला की उद्या गाडी निघणार, तेव्हा षष्ठी लागलेली असणार, पंचमीसारखा दिवस पुन्हा मिळणार नाही. पस्तीस वर्षे परक्यांच्या गाड्यांस पाणी दाखविले, आज आपली स्वारी, आपल्या आक्काची भेट, तर ती चुकीच्या तिथीवर कशाला सोडावी? म्हणून नारळ, हळद आणि कुंकू घेऊन भिंत धरून धरून छपरात आल्या. मिस्त्री निजलेले दिसले, त्यांस उठविले नाही. म्हटले दमलेत बिचारे. पोते बाजूस केले, सळईने राख सारली, डावा आर्म दिसला. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि मनोभावे म्हणाल्या, "आक्कानं मला ओळखू दे, एवढंच मागते." आणि सारे पाणी त्या जोडावर ओतले. चर्र ऐसा आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. हौसाबाईंस वाटले की देव बोलला. त्यांनी पुन्हा राख सारखी केली, पोते पांघरले, खोबऱ्याचा तुकडा जिभेवर ठेविला आणि जशा आल्या तशा परत गेल्या. बाई चुकली म्हणावे तर तिने कधी आगीचे काम केले नव्हते, तिला जोड दिसत तो नेहमी थंड आणि गाडीखाली बसविलेला. आणि चुकली नाही म्हणावे तर पोलाद कोणाची श्रद्धा पाहत नाही. आम्हांस तिचा राग करवत नाही.

षष्ठीस सकाळी मिस्त्रींनी पोते काढले तो वरची राख ढेकळे धरून बसलेली, उजव्या आर्मभोवतीची मात्र कोरडी. ढेकूळ फोडले तर कुंकवाचा डाग निघाला, आणि करवंटीची एक कपची. मिस्त्री त्या कपचीकडे पाहत राहिले आणि सारे समजले. दोन्ही आर्म बाहेर काढून ऐरणीवर ठेविले आणि हातोडी वाजविली. उजवा खणखणीत वाजला. डावाही खणखणीत वाजला. इनूस म्हणाले, "झालं की मग! वाजतोय चांगला. चला बसवूया, दुपारी निघाल." मिस्त्रींनी मान हलविली, डाव्या जोडास रॉकेल पाजले, कोरडे पुसले, वरून खडू फासला आणि दोघे वाकून बसले. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर जोडाच्या कडेने, तड्यात मुरलेल्या रॉकेलची एक रेघ उमटली, केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. इनूस यांनी तोंडात बोटे घातली. मग म्हणाले, "एवढ्याशा रेघेनं काय हुतंय मिस्त्री? घासून काढू, वरनं टाका घालू, तासाभराचं काम." मिस्त्री म्हणाले, "ही दिसली तेवढी एक. आत किती हाईत कोण मोजणार? जोडाशेजारचं पोलादच काच झालंय. आणि हा डावा हाय इनूस. हौसा त्याच्यावरच बसणार."

इतक्यात महिपतीचा फोन आला. मिस्त्रींनीच घेतला. महिपती म्हणाले, "काका, आज निघताय न्हवं? सकाळपास्नं पाचदा इचारलं आईनं, हौसा आली का म्हणून. आज ध्यानात हाय तिच्या. उद्याचं मी काय सांगू शकत न्हाई." नवा आर्म आणावा, कापावा, शेकावा, जोडावा आणि राखेत निजवावा, तर पुरते दोन दिवस. आज निघावे तर केराबाई ओळखणार आणि आर्म बहुधा टिकणारही. बहुधा, म्हणजे शंभरात नव्वद वेळा. मिस्त्री खंदकाच्या काठावर पाय सोडून बसले आणि तीन दगडीची चढण मनात चढून पाहिली, आणि तिच्या डाव्या अंगास दरी आहे तीही पाहिली. दोनदा चढले आणि दोनदा तो आर्म टिकला, आणि तिसऱ्यांदा मनातसुद्धा गाडी पुढे नेण्याचा धीर होईना. मग उठले आणि म्हणाले, "परवा येतो, महिपती. आईला सांग, हौसा वाटेत हाय." आणि फोन ठेवून इनूस यांस म्हणाले, "नारळाचं तिला कळता कामा नये. आधीच जिवाला लावून घेतलंय तिनं. माझ्याच हातनं इस्कोट झाला, असं सांगायचं." इनूस म्हणाले, "मिस्त्री, पाच गावांत तुमचं नाव हाय." मिस्त्री म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलास!"

मग घरात जाऊन हौसाबाईंस म्हणाले, "आज निघणं व्हायचं न्हाई. डावा आर्म बोटभर लांब झालाय. माप चुकलं माझं. नवा करतो, दोन दिवस लागतील." हौसाबाई पिशवी भरीत होत्या, तीत केराबाईंस आवडतात म्हणून राजगिऱ्याचे लाडू होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं माप चुकलं?" मिस्त्री म्हणाले, "वय झालं आता." हौसाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग पिशवीतले लाडू काढून पुन्हा डब्यात भरले. म्हणाल्या, "बरं. करा नवा." एवढेच.

त्याच दिवशी भंगारातून आणखी एक जुना आर्म शोधून आणिला, आणि सप्तमीस पुन्हा सारे मांडले आणि शेकले आणि जोडले आणि राखेत निजविले. आणि चमत्कार ऐसा की पोते पांघरून झाल्यावर हौसाबाई आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि पिंपाशेजारी बसल्या. कोंबडी आली तर हाकलीत, वारा सुटला तर पोत्याची कड दाबीत, आणि इनूस हात धुऊन ओल्या हातांनी जवळून गेले तर म्हणाल्या, "भाऊजी, लांबनं जावा." दिवस मावळेपर्यंत बसल्या. मिस्त्रींनी विचारले, "तू कशाला बसलीस इथं?" म्हणाल्या, "घरात करमत न्हाई." मिस्त्रींनी पुढे विचारले नाही, आणि विचारले नाही तेच बरे केले.

अष्टमीस आर्म निघाला, वाजविला, रॉकेल पाजले, खडू फासला, रेघ नाही. पुन्हा पाहिले, नाही. मग इनूस यांनी दोन्ही बसविले, चकत्या बसविल्या, चाके जागेवर आणिली, हौसाबाईंनी थंड जोडांस रीतीप्रमाणे पाणी दाखविले, आणि दुपारी स्वारी निघाली. मिस्त्री सारथ्य करीत आणि डाव्या हातास हौसाबाई, मांडीवर लाडवांचा डबा. इनूस यांनी पाठीमागून हात जोडले आणि ओरडले, "सावकाश! माझ्या नटबोल्टाची इज्जत राखा!" घाट लागला, डांबर संपले, तांबडी माती लागली आणि मग तीन दगडी आली. मिस्त्रींनी गाडी पहिल्या गिअरात घातली, खिडकीची काच खाली केली आणि कान खाली लावला. पहिला दगड गेला. दुसऱ्यास पोट टेकेल टेकेल ऐसे वाटले आणि दोन बोटे राखून गेले. तिसऱ्यास डावे चाक दगडावर चढले आणि सारा भार त्या एका आर्मवर आला, आणि उघड्या खिडकीतून दरीचा वारा आत येऊ लागला. मिस्त्रींचे कपाळ घामेजले. हौसाबाई दरीकडे पाहत नव्हत्या, त्या मिस्त्रींकडे पाहत होत्या, आणि हळूच म्हणाल्या, "काय व्हायचं न्हाई. तुम्ही जोडलंय." आणि चाक दगडावरून उतरले आणि गाडी वर आली. मिस्त्रींनी गाडी थांबवून, खाली उतरून, आर्मवर हात फिरविला आणि मग पुन्हा बसले.

वाडीत पोचले तो महिपती अंगणात उभे. हौसाबाई कोणाच्या हाताशिवाय गाडीतून उतरल्या आणि पडवीत गेल्या. केराबाई घोंगडीवर बसल्या होत्या, अंगाने वाळल्या होत्या पण कपाळावरचे गोंदण तसेच होते. हौसाबाई म्हणाल्या, "आक्का, मी आले." केराबाईंनी वर पाहिले, अदबीने पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या. कुठल्या गावच्या पावण्या तुम्ही?" हौसाबाई म्हणाल्या, "मी हौसा गं." केराबाई हसल्या, जसे परक्या माणसाच्या थट्टेस हसावे तसे, आणि म्हणाल्या, "हौसाला यायला जमत न्हाई. तिचं पाय दुखत्यात. गुणाची हाय माझी हौसा." महिपती हळूच म्हणाले, "परवा सांजंपत्तूर ठीक होती, मावशी. कालपास्नं असं झालंय." हौसाबाईंनी डबा केराबाईंच्या पुढ्यात ठेविला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. रडल्या नाहीत, हेच मिस्त्रींस सोसवेना.

मिस्त्री शेजारी बसले आणि म्हणाले, "माझ्यामुळं झालं. दोन दिवस माझ्या मापानं खाल्लं." हौसाबाई म्हणाल्या, "अवं, पुरे आता. पस्तीस वर्षं तुमच्यासंगं त्या छपरात काढली. तुमचं माप कधी बोटभर चुकलं न्हाई. आणि माझ्या गुडघ्यावरनं घेतलेलं माप तुम्ही चुकवाल व्हय? त्याच दिवशी दुपारी तो टाकलेला आर्म बघितला मी, खडू फासलेला. रेघ दिसली. आणि राखेत कुंकू बी दिसलं. माझ्याच पाण्यानं तडकला न्हवं?" मिस्त्रींनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मी बोलले न्हाई, कारण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलला. तुम्हाला तेवढं तरी करू दिलं." तेव्हा भैरू मिस्त्री, ज्यांनी आयुष्यभर आगीकडे काचेआडून पाहिले आणि कधी डोळ्यांस पाणी आणिले नाही, ते उपरण्यात तोंड घालून रडले. म्हणाले, "हौसा, मी त्याच दिवशी आणली असती तुला. नव्वद टक्के टिकला असता. पण दहा टक्क्यांत तू बसली होतीस." हौसाबाईंनी त्यांची शंभर भोकांची बाही धरून ठेविली आणि दोघे दिवेलागणीपर्यंत तसेच बसले.

आता शेवट सांगतो, आणि हा आम्ही पदरचा घातलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई चुलीपुढे बसून चहा करीत होत्या आणि केराबाई झोपेतून उठून पडवीतून आत आल्या. दारात थबकल्या. आणि मग ओरडल्या, "हौशे! अगं बया, कवा आलीस तू? गाडीत चढता आलं तुला? पाय दाखव बघू!" आणि खाली बसून हौसाबाईंचे गुडघे दोन्ही हातांनी चोळू लागल्या आणि रागे भरू लागल्या की वाळलीस किती, तेल लावत नाहीस, तुझा नवरा लोखंडाला शेक देतो आणि तुला देत नाही. हौसाबाई हसत होत्या आणि रडत होत्या आणि चहा उतू गेला. दुपार झाली तशी केराबाई पुन्हा हरवल्या आणि म्हणाल्या, "पावण्या, तुम्ही कोण?" हौसाबाई म्हणाल्या, "हौसाच्या गावची." आणि त्या दुपारी केराबाईंनी पावणीस हौसाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, ज्या हौसाबाईंस स्वतःस ठाऊक नव्हत्या, कडेवर कशी निजे, दूध कसे सांडी, आई गेली त्या दिवशी कशी केरालाच आई म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात थबकल्या आणि पुन्हा ओरडल्या, "हौशे! कवा आलीस?" आणि पुन्हा गुडघे चोळले. चौथ्या दिवशी तसेच आणि पाचव्या दिवशी तसेच. मिस्त्री रोज पहाटे उठून पडवीच्या कोपऱ्यात बसत, ती हाक ऐकण्यासाठी.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. स्वारी आठ दिवस वाडीत राहिली आणि मग खाली उतरली. उतरताना आर्मने कुरकूरही केली नाही. चुकी जाहली ती श्रद्धेने जाहली, खोटे बोलले गेले ते मायेने बोलले गेले, आणि उशीर जाहला तो जिवासाठी जाहला. यात कोणास दोष द्यावा ते वाचणाऱ्याने ठरवावे, आम्हांस तर ठरविता येत नाही. ज्यास लोखंडाची जात कळत नाही त्याने मात्र मिस्त्रींची नक्कल करू नये. हौसाबाईंस आक्काची एक भेट पाहिजे होती, ती ज्या दिवशी मागितली त्या दिवशी मिळाली नाही. आणि मग आठ दिवस राहून त्या सात वेळा माहेरी पोचल्या. कळावे, लेखनसीमा.